कोड, कोढ आणि आत्याची भाकरी

आत्या गेल्या श्रावणात गेली. घोडपदेवला तिची चार बाकड्यांची खानावळ होती. तिथे ती भाकरी ताटात वाढत नसे. तव्यावरून काढून गिऱ्हाइकाच्या हातात देई. तिचे हात दोन रंगांचे होते. मनगटापासून बोटांपर्यंत पांढरे, वर सावळे.

ती माझ्या वडिलांची बहीण, पण गल्लीत सगळ्यांचीच आत्या. डाग चाळिशीत आले. सरकारी इस्पितळात तिने मलम घेतलं, प्रकाशाचे उपचार घेतले. डॉक्टरांनी थायरॉईड तपासून रोजची गोळी सुरू केली. हा आजार लागट नाही, शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या रंगपेशींवर उलटते, असं त्यांनी सांगितलं. आत्या तेच असं सांगे, "माझेच राखणदार माझ्याच घरार दगड मारतत." चेहऱ्याचा रंग बराचसा परत आला. बोटांचा आला नाही. फोटो काढताना ती हात मांडीवर उघडे ठेवी.

शिवडीच्या गोदामांतले ट्रकचालक तिची रोजची गिऱ्हाइकं. बहुतेक उत्तरेकडचे. एकदा शेजारणीने त्यांच्यातल्या रामदुलारेला बोलता बोलता सांगितलं, "आत्यांना कोड आहे." मराठीत कोड म्हणजे पांढरे डाग. हिंदीत कोढ म्हणजे कुष्ठरोग. त्याने हिंदी ऐकलं आणि सोबत्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून बाकडी रिकामी. पीठ मळलेलं, खाणारं कोणी नाही.

आठवडाभराने खरं कारण कानावर आलं, तशी आत्या भाकऱ्यांची टोपली घेऊन गोदामाच्या फाटकावर गेली. मी सोबत होतो. चालक ट्रकच्या सावलीत बसले होते.

"ए दुलारे, वो कोड बोली. कोढ नहीं. मेरा किसी को लगता नहीं. और कोढ भी दवा से अच्छा होता है. खाना नहीं तो मत खाओ, पर बीमारी का नाम बराबर लो."

तिने आवाज चढवला नव्हता. रामदुलारेने टोपलीत डोकावून पाहिलं. मग म्हणाला, "आत्या, बांगडा नहीं लाई?"

"मेल्या, आधी भाकरी घे. बांगडो खानावळीत आसा."

त्याने हात पुढे केला. दुपारी बाकडी भरली.

आत्याच्या तेराव्यानंतर तिच्या सुनेने खानावळ उघडली. रामदुलारे नेहमीच्या बाकड्यावर बसला होता. सुनेने पहिली भाकरी ताटात ठेवायला उचलली. त्याने ताट बाजूला सारलं आणि हात पुढे केला.