अंगठ्याला कळेनासं झालं तेव्हा

कुकरची दुसरी शिट्टी झाली होती, ह्यांना डब्याचं झाकण सापडत नव्हतं, तेवढ्यात दार वाजलं. दारात आमच्या शिवणमावशी, शिवलेल्या पडद्यांचं गाठोडं घेऊन. तीस वर्षं त्या एकाच खोलीत मशीन चालवतायत. कापडाची सुलट बाजू कुठली, हे बघायला त्यांनी कधी मान खाली घातली नाही. गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता कापडावर अंगठा फिरवायचा, की झालं.

पडदा लावला, तर दोन पट्ट्यांतली एक फिकट. उलटी जोडलेली. मी दाखवल्यावर मावशींनी तिच्यावर अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला आणि खुर्ची ओढून बसल्या. चार महिने बोटांना मुंग्या येत होत्या म्हणे. आता तर सुती काय आणि रेशमी काय, सारखंच लागतं.

"आणि घरी कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगून काय, दोघांच्या हातात आयतं कोलीत देऊ?"

दोघं म्हणजे भाऊ आणि मुलगा. दोन वर्षांपूर्वी साखर आणि रक्तदाब एकदमच वाढले, तेव्हा मावशींनी मटण, अंडी, दूध, तूप सगळं बंद केलं. डाळी, कडधान्यं, भाज्या, फळं, मूठभर शेंगदाणे, बस. वजन नऊ किलो उतरलं, साखर आटोक्यात आली, रक्तदाबाची गोळी अर्धी झाली, जिना चढताना थांबावं लागेना. पण भावाचं चिकनचं दुकान. ताईनं बकरीच्या तोंडचा घास पळवला, असं तो चारचौघांत म्हणायचा. मुलाचं एकच पालुपद, नुसत्या पाल्यावर माणूस टिकतं का?

मी त्यांना त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त तपासलं, तर बी-बारा पार तळाला. बाईंनी नीट समजावलं. जेवण चांगलं आहे, त्यानं फायदाच झालाय. फक्त हे एक जीवनसत्त्व डाळभाजीत नसतं, ते वेगळं घ्यावंच लागतं, आणि दोन वर्षं चालू असलेली साखरेची गोळीही शरीरातलं हे जीवनसत्त्व कमी करते. आधी इंजेक्शनं, मग कायमच्या गोळ्या. बधिरपणा सगळा जाईल का, ते आज सांगता येत नाही, पण अजून उशीर झालेला नाही.

बाहेर आल्यावर मावशींनी माझा हात धरला तो घरापर्यंत सोडला नाही. मला उगीचच संकोच वाटला. माझ्या दोन्ही बाळंतपणांत माप न घेता शिवलेले ते ढगळ गाऊन याच हातांचे. उपकार कुणाचे कुणावर, हे ठरवायला बसलो तर संध्याकाळ व्हायची.

तिसऱ्या इंजेक्शननंतर त्या आल्या, चहाचा कप धरला आणि चेहरा उजळला. कपाची ऊब बोटांना लागत होती, थोडीशी, पण लागत होती. मग हळूच म्हणाल्या, इंजेक्शनांचं घरी कळलंय, भावानं काल डझनभर अंडी आणून ठेवलीत, आणि मुलगा म्हणतो, उद्यापासून तुझं ताट मी वाढणार.

"पोरगा तुमचं ऐकतो, वहिनी. त्याला एवढंच सांगा, आईचं ताट आहे तसं राहू दे, आणि दर शुक्रवारी तिला इंजेक्शनला घेऊन जा."