चार वाजता तापणारा मायक्रोवेव्ह

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर आजवर मनातल्या मनात हसतच आलो. मी वाळूजला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, इलेक्ट्रिकल साइडला. मशीन बिघडलं की त्याला कारण असतं — वायर, रिले, सेन्सर, नाहीतर चालवणारा माणूस. कारण सापडत नाही असं कोणी म्हणालं की माझं उत्तर ठरलेलं असायचं : तुम्ही नीट शोधलं नाही. आज तेच वाक्य मला कोणी ऐकवलं तर मी गप्प बसेन. कारण मी नीट शोधलं होतं...

आमचं घर सिडकोत, एन-९ मध्ये. टीव्ही सेंटरपासून चालत दहा मिनिटं. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर एक खोली. घरात मी, माझी बायको वैशाली आणि माझी मोठी बहीण, अक्का. मुलगा शिकायला पुण्यात. वैशाली शाळेत शिकवते, ती साडेपाचला घरी येते. माझी बहुतेक वेळा पहिली पाळी. कंपनीची बस मला चारच्या आत सोडते. म्हणजे चार ते साडेपाच घरात अक्का आणि मी दोघंच असायचो.

अक्काबद्दल थोडं सांगतो. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, अक्का सतराची. गाव आमचं चितेगावच्या पुढं. अक्काचं लग्न ठरत आलं होतं. ती म्हणाली, बापू जरा मोठा होऊ द्या, मग बघू. बापू म्हणजे मी. मग एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, आणि पुढं कोणी विचारायलाच आलं नाही. चितेगावात कारखाने आले तेव्हा ती कामगारांच्या एका मेसमध्ये भाकऱ्या थापायला लागली. सकाळच्या वेगळ्या, संध्याकाळच्या वेगळ्या. त्यावर मी शहरात राहून आयटीआय केलं. वडील गेल्यावर मी तिला इकडं घेऊन आलो, तोवर तिची दोन्ही मनगटं कामातून गेली होती. सुजलेली असायची. पेला धरताना दोन्ही हात लागायचे.

डॉक्टरांनी शेक घ्यायला सांगितला होता. वैशालीनं मायक्रोवेव्ह हौसेनं घेतलेला. तिनंच अक्काला एक बटण दाखवून ठेवलं — हे दाबलं की अर्धा मिनिट चालतो, आपोआप बंद होतो. अक्का त्यात जाड्या मिठाची पुरचुंडी गरम करायची. तिच्या एका जुन्या लुगड्याचा तुकडा घडी करून ती ओव्हनच्या डोक्यावर टाकायची आणि त्यावर दोन्ही मनगटं टेकवून उभी राहायची. आतली पुरचुंडी निवली की परत बटण. दिवसातून दहा-बारा वेळा तरी.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : मायक्रोवेव्ह पाण्याचा अंश असलेली वस्तू तापवतो. आत कोरडं मीठ ठेवलं तर बरीचशी ऊर्जा परत उलटते आणि मशीनचाच आतला भाग तापतो. त्यात वरची हवेची जाळी कापडानं झाकलेली. एके दिवशी मी पाळीवरून आलो तर घरात प्लास्टिक जळल्याचा वास आणि ओव्हन मधेच बंद पडलेला. त्या दिवशी लाइनवर मोठा ब्रेकडाउन झाला होता, साहेबांची बोलणी खाल्ली होती. मी घरात शिरलो आणि अक्कावर ओरडलो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. एक वाक्य मात्र शब्दन् शब्द आठवतं.

"ही वस्तू तुझी नाही अक्का. परत हात लावू नकोस."

ती म्हणाली, "व्हय बापू, चुकलंच माझं."

लुगड्याचा तुकडा घडी करून घेऊन गेली. तासाभरानं मशीन थंड झालं, चालू झालं. जास्त तापलं की मशीन बंद करणारा आतला सुरक्षा कटआउट पडला होता, एवढंच. मी हे वैशालीला सांगितलं नाही. अक्कानंही सांगितलं नसावं.

त्यानंतर तिनं ओव्हनला हात लावला नाही. दोन-चार दिवसांनी मी चारला आलो तर ती गॅसपाशी उभी राहून लोखंडी तव्यावर मीठ परतत होती. उलथनं दोन्ही हातांनी धरलं होतं. मी बघितलं. "राहू दे अक्का, ओव्हनमध्ये कर, मी बघतो काय ते," एवढंच म्हणायचं होतं. पण म्हणालो नाही. हातपाय धुवायला गेलो.

पंधरा दिवसांनी ती गेली. सकाळी दहाच्या सुमारास, छातीत कळ येऊन. आमच्याकडं शॉपवर, म्हणजे मशीन चालतात त्या भागात, मोबाइल नेऊ देत नाहीत, तो लॉकरमध्ये असतो. शेजाऱ्यांनी मला किती फोन केले असतील... मला निरोप गेटवरून मिळाला. मी पोचलो तेव्हा वैशाली आली होती आणि अक्का नव्हती.

तेरावं झालं. मी कामावर जायला लागलो. साधारण महिन्याभरानं एक दिवस चारला घरी आलो, कुलूप उघडलं, चहा गरम करायला म्हणून ओव्हनपाशी गेलो. सहज वर हात टेकवला तर पत्रा तापलेला. चटका बसेल असा नाही, पण चांगला गरम. सकाळपासून घरात कोणी नव्हतं. स्टँडबायला तापतोय, असं मनाशी म्हटलं आणि ते चुकीचं आहे हे मला कळतही होतं. पडद्यावर घड्याळ दाखवण्यापुरत्या विजेनं पत्रा असा तापत नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मग मी कामाला लागलो.

आधी मागची भिंत सोडून ओव्हन वीतभर पुढं घेतला. जाळीतली धूळ, तेलकट काजळी ब्रशनं काढली. फ्रिजपासून लांब केला. व्होल्टेज बघितलं, बरोबर. रविवारी कव्हर उघडलं. (हे घरी कोणी करू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतका विजेचा साठा राहतो.) पंखा मोकळा फिरत होता, कटआउट ठीक, वायरी ठीक, कुठं काळं पडलेलं नाही. मग एकदम सुचलं — ऊन! आमची स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला आहे. चारला ऊन थेट ओट्यावर येतं. मला इतकं बरं वाटलं, सांगतो. खिडकीला आतून पुठ्ठा ठोकला. दुसऱ्या दिवशी चारला अंधारात हात लावला. गरम.

ओव्हन हॉलमध्ये नेऊन ठेवला, आतल्या भिंतीला. गरम.

शेवटी औरंगपुऱ्यात सलीमभाईंकडं नेला. जुने मिस्तरी, आमची ओळख वीस वर्षांची. त्यांना म्हटलं, दुरुस्त नंतर करा, आधी रोज चार वाजता वर हात लावून बघा. त्यांनी माझ्याकडं जरा बघितलं आणि ओव्हन आत नेला. तीन दिवसांनी गेलो. तिन्ही दिवस थंड. अर्धा-अर्धा तास पाणी उकळून बघितलं म्हणाले, काही नाही.

"मशीन अच्छी है साब," ते म्हणाले. "मशीन में नक्को ढूंडो."

ओव्हन घरी आणून परत ओट्यावर ठेवला. प्लग लावलाच नाही. वायर गुंडाळून, रबर लावून मागं ठेवली. वैशालीला म्हटलं, तपासणी चालू आहे, सध्या वापरू नकोस. दुसऱ्या दिवशी बसमधून उतरलो आणि जवळजवळ पळतच घरी आलो. माझ्याकडं तापमान मोजायची गन आहे, लांबून धरायची. भिंत एकतीस अंश दाखवत होती. ओव्हनच्या दोन्ही बाजू एकतीस. दार एकतीस. आणि वरच्या पत्र्यावर, पुढच्या कडेशी, दोन ठिकाणी सेहेचाळीस. दोन्हीमध्ये वीतभर अंतर. माणसानं दोन मनगटं ठेवावीत तेवढं.

गन खाली ठेवली. त्या दोन जागांवर मी माझे हात ठेवले आणि स्टुलावर बसलो.

लोक विचारतील, वास आला का, आवाज आला का, कोणी दिसलं का. नाही. भीती वाटली का? तीही नाही. साधारण पंधरा-वीस मिनिटं ऊब राहायची. मग पत्रा हळूहळू निवायचा.

यानंतर जे झालं ते सांगायला मला जास्त अवघड जातंय. मी दुरुस्तीचा विचार सोडून दिला. ओव्हरटाइम नाकारायला लागलो. साहेबांना वाटलं, घरी काही अडचण आहे. चारला घरी यायचं, चपला काढायच्या, स्टूल ओढायचं आणि हात ठेवून बसायचं. वैशाली यायच्या आत उठायचं. लहानपणी अक्का मेसमधून आली की तिच्या हातांना पीठ आणि चुलीची धग असायची. मी थंडीत माझे हात तिच्या हातांत घालायचो. ती म्हणायची, "लई गार झालास की रं." चाळीस वर्षांत मला ते आठवलं नव्हतं. त्या वीसेक दिवसांत रोज आठवायचं. तरी मी तोंडातून शब्द काढला नाही. माफी मागितली नाही, हाक मारली नाही. नुसता बसायचो. मला वाटतं, बोललो तर हे थांबेल अशी आतून धास्ती होती.

एका शनिवारी वैशालीची शाळा लवकर सुटली. मला दार वाजल्याचं ऐकू आलं नाही. ती आत आली तेव्हा मी बंद ओव्हनवर हात ठेवून बसलो होतो. तिनं विचारलं, काय करताय? आणि पुढं होऊन माझ्या हाताशेजारी हात ठेवला. झटकन काढला. ओव्हनच्या मागं वाकून बघितलं. गुंडाळलेली वायर हातात घेतली आणि तशीच उभी राहिली.

मग मी सांगितलं. आधी ओव्हनचं, मग त्या दिवशी काय बोललो ते. तव्यावर मीठ परतताना बघूनही गप्प राहिलो, तेसुद्धा. वैशाली खाली फरशीवर बसली. वायरच्या रबराशी चाळा करत होती.

"मी विचारलं होतं त्यांना," ती म्हणाली. "अक्का, हल्ली ओव्हन का नाही लावत? तर म्हणाल्या, आता दुखत नाही मनगट. बापूनं चांगला डॉक्टर दाखवला, गुण आला."

मी कुठलाही नवा डॉक्टर दाखवला नव्हता.

त्यानंतर मी रडलो, ते लिहीत नाही. पण रडताना माझे हात पत्र्यावरच होते, आणि पत्रा नेहमीसारखा हळूहळू नाही, दोन-तीन मिनिटांत निवला. वैशालीनं गन आणून धरली. एकतीस. भिंतीइतकाच.

रविवारी चारला हात लावला. थंड. सोमवारी थंड. आठवडाभर बघून प्लग पुन्हा लावला. आता आठ महिने झाले. दूध तापतं, वरण तापतं, एकदाही बंद पडलेला नाही. उत्तम चालतो. वैशाली म्हणते, तुम्ही बोललात आणि अक्का मोकळ्या झाल्या. मी मान हलवतो. तिला बरं वाटतं, आणि कदाचित ते खरंही असेल.

पण मला स्पष्टीकरण मिळालेलं नाही. आमच्या कंपनीतल्या एका इंजिनिअरला मी कोणाच्या घरातलं ते न सांगता सगळे आकडे दिले; तो म्हणाला, मोजण्यात चूक असणार. असेल. आम्हा दोघांच्या तळहातांचीही चूक असेल.

मी अजून चारला घरी येतो. पाय धुवायच्या आधी स्वयंपाकघरात जातो आणि पत्र्यावर हात ठेवतो. गार असतो. दुरुस्त झालेल्या मशीनपाशी उभं राहून वाईट वाटावं, असं माझ्या नोकरीत कधी झालं नव्हतं. एकच गोष्ट मनातून जात नाही, आणि ती या सदराच्या वाचकांपैकी कोणाला कळत असेल तर सांगा... त्या शनिवारी मी गप्प राहिलो असतो, तर ती ऊब अजून आली असती का?