साडूभाऊंचा पटर

एखादी वस्तू पसंत करायला जगात सगळ्यात जास्त वेळ कोण लावतं, याचं उत्तर बजाजनगरात राहतं आणि ते माझे साडू आहेत. वाळूजच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं त्यांनी तयार मालाची तपासणी केली. त्यातून निवृत्त झाले, पण तपासणी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. औरंगपुऱ्यात वांगी घ्यायला गेले की एकेक वांगं उजेडाकडं धरून फिरवतात. भाजीवाली शेवटी म्हणाली, "काका, वांगं हाय, हिरा नाय!" लग्नासाठी ताईंना, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, ते चार वेळा बघायला गेले होते. चौथ्या वेळी ताईंनीच विचारलं, "आता काय दात मोजायचेत का?" तेव्हा कुठं होकार आला.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं. नुसतं चालणं साडूभाऊंना पटेना, म्हणून जुन्या साहेबांनी त्यांना छावणीजवळच्या गोल्फच्या मैदानावर नेलं. तिथं त्यांची पटरशी गाठ पडली. पटर म्हणजे चेंडू खड्ड्याजवळ पोहोचला की त्याला हळूच आत ढकलायची काठी. "बाकीच्या काठ्या ताकदीच्या," साडूभाऊंनी मला समजावलं, "पटर मात्र स्वभावाचा. तो चुकला की सगळंच चुकलं." झालं! स्वभावाला जुळणारा पटर शोधायला त्यांनी घेतलं आणि घराची प्रयोगशाळा झाली. मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजताना टेपचं खालचं टोक ताईंच्या हातात. "साडेतेहतीस," त्या जमिनीवरून ओरडायच्या. "ताठ उभं राहून की वाकून?" "वाकलात की पोट मधी येतं, मला आकडा दिसत नाय!" काठी सरळ जाते की वळून, हे कळावं म्हणून फरशीवर रांगोळी पसरली जायची. स्वयंपाकघराच्या दारात खड्डा म्हणून स्टीलचा पेला आडवा ठेवलेला असायचा, आणि आम्ही पाहुणे तो ओलांडून जेवायला जायचो. मैदानावरच्या प्रत्येकाचा पटर त्यांनी आठवडाभर वापरून बघितला. पातळ पात्याचा, हातोड्यासारख्या डोक्याचा, लांब दांड्याचा, जाड मुठीचा. परत देताना प्रत्येकावर 'नापास' असं लिहिलेली लाल चिठ्ठी. लोक त्यांना लांबून येताना बघून आपले पटर पिशवीत लपवायला लागले.

त्यांचे जोडीदार होते सलीमभाई, चित्रकलेचे निवृत्त मास्तर. ते वैतागून म्हणायचे, "अरे मियाँ, गेंद कू क्या मालूम पटर कित्ते इंच का है! मारो ना!" पुढं सलीमभाईंचं लेकीकडं हैदराबादला कायमचं जायचं ठरलं. जायच्या आधीच्या रविवारी दोन निवृत्त बँकवाल्यांशी जोडीचा सामना लागला. शेवटचा सामना जिंकून जायचं सलीमभाईंच्या फार मनात होतं.

मी बघायला गेलो होतो. शेवटच्या खड्ड्यापाशी चेंडू जेमतेम हातभर लांब राहिला. टोला साडूभाऊंचा, आणि तो आत गेला की सामना आपला. साडूभाऊंनी दोन पटर आणले होते, कारण त्यातला कुठला पास, याचा निकाल अजून लागलेला नव्हता. उतार बघायला त्यांनी एक गवंड्याच्या ओळंब्यासारखा डोळ्यापुढं लोंबकळत धरला, दुसरा डाव्या हातात. बँकवाले गवतावर मांडी घालून बसले. एकानं थर्मासमधला चहा ओतला. तेवढ्यात डाव्या हातातल्या पटरचा चेंडूला धक्का लागला आणि चेंडू टुणकन खड्ड्यात!

सलीमभाईंनी टोपी हवेत उडवली. बँकवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या. साडूभाऊ मात्र म्हणाले, "हे धरू नका. चुकून लागलं."

"अहो, पण गेला ना आत! आमची काही हरकत नाही," बँकवाले म्हणाले.

"चुकून बरोबर आलेला माल मी बत्तीस वर्षांत पास केला नाय."

चेंडू परत जागेवर ठेवला. विचार करून, श्वास रोखून, साडूभाऊंनी टोला मारला. चेंडू चार बोटं बाजूनं निघून गेला. आम्ही हरलो. सलीमभाई त्यांच्याकडं बघतच राहिले. मग म्हणाले, "मियाँ, तुम आदमी नै, फुटपट्टी है!" आणि हसत हसत त्यांना मिठीच मारली.

घरी येताना स्कूटरवर मागं बसलेले साडूभाऊ नगर नाक्याच्या सिग्नलला हळूच म्हणाले, "नापास कसं करायचं ते मला येतं. एखादी गोष्ट आवडली, हे माणसाला कळतं कसं हो?" सिग्नल सुटला.

सलीमभाई हैदराबादला गेले. जाताना आपला पटर साडूभाऊंच्या दारात ठेवून गेले. मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, दांडा किंचित वाकलेला. त्याला लाल चिठ्ठी लागली नाही. "लांबी किती भरली?" मी मुद्दाम विचारलं. "मोजली नाय," ते म्हणाले आणि फडक्यानं तो पुसत राहिले.

आता ते सकाळी एकटेच खेळतात. चेंडू कधी खड्ड्यात जातो, कधी जात नाही. पण आपला टोला झाला की पटर टेकवून थोडा वेळ बाजूला उभे राहतात, सलीमभाईंची पाळी असल्यासारखे.