रेवतीचं नख

रेवती माणसाचं नाव विचारायच्या आधी हात बघायची. दवाखान्यात पहिल्यांदा आली तेव्हा मला म्हणाली, "आजोबा, हात दाखवा."

"भविष्य सांगतेस का? नको. ते समोरच पडलंय."

समोर पलंगावर माझी बायको होती, सिंधू. अर्धांगवायूनं वाचा गेलेली, उजवी मूठ घट्ट मिटलेली.

"भविष्य नाही हो. घाम आहे का बघते. कागद भिजतो."

कॉलेजची सात-आठ पोरं दर शनिवारी वॉर्डात यायची, रोग्यांना कागदाची पाखरं करायला शिकवायची. बाकीची गोडगोड बोलायची. ही नाही. अंगठ्याचं नख घडीवरून कर्रकन फिरवायची आणि म्हणायची, "दाबली नाही तर कागद घडी विसरतो." सिंधूची बोटं एकेक सोडवून मध्ये कागद सरकवायची. तास तास. बोटं पुन्हा मिटायची. मला दुसरं काही नको होतं. ती मूठ उघडावी, एवढंच.

उघडेना. मग मी लबाडी केली. माझा जन्म कसब्यात किराणा दुकानात पुड्या बांधण्यात गेला. मीच एक पाखरू केलं आणि सांगितलं, "हिनं केलं."

रेवतीनं ते उलटंपालटं करून पाहिलं. "शेपूट पुडीसारखं आत खोचलंय, आजोबा. आजींच्या नावावर खपवू नका. वाकडं असू दे, पण त्यांचं दाखवा."

लाज वाटली. रागही आला.

पुढच्या गुरुवारी सिंधूची बोटं जराशी सुटली. थरथरत तिनं कागदाचा एक कोपरा दुमडला. एकच घडी, तीही तिरकी. शुक्रवारी ती गेली.

शनिवारी मी तो कागद घेऊन वॉर्डात गेलो. पलंगावर दुसरीच बाई. मी रेवतीवर ओरडलो, "काय झालं गं तुझ्या कागदांनी?"

"काहीच नाही झालं, आजोबा."

समजूत काढली नाही तिनं. कागद घेतला, सवयीनं नख घडीवर आणलं, आणि थांबली. होता तसा परत दिला.

तिचं कॉलेज संपलं. नोकरीला बंगळूरला गेली.

कागद सिंधूच्या फोटोपुढे आहे. घडी सुटत चाललीय, रोज थोडी उघडते. एकदा नख फिरवलं तर टिकेल. पण मग ती माझी होईल. मी समोर बसतो, दोन्ही हात मांडीखाली दाबून.