सात विहिरींची मापं

भालकीजवळच्या एका मराठी हायस्कुलात मी विज्ञान शिकवतो. नववीतली एक मुलगी प्रत्येक चाचणीत नापास व्हायची. पण मी गावातल्या विहिरींचा प्रकल्प दिला आणि ती दोरीला दगड बांधून शिवारभर हिंडली. सात विहिरींची खोली तिने परसात लिहून आणली. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाएवढं माप. मी मीटरबद्दल विचारलं, तर म्हणाली, "मीटर कामून पायजे सर? आमच्या अप्पाला परसच कळतंय."

मला ते इतकं आवडलं, की तिचा तक्ता घेऊन मी हुमनाबादच्या शिक्षक प्रशिक्षणात उभा राहिलो. प्रकल्पाने मुलांचे मार्क वाढतात असं छातीठोकपणे सांगून टाळ्या घेतल्या.

दहावीच्या परीक्षेत ती विज्ञानात नापास झाली. शाळेचा दाखला न्यायला आली तेव्हा तिनेच सांगितलं, की पेपरात भूजलावर दोन मार्कांचा प्रश्न होता. तिने त्याला चार पानं दिली. सातही विहिरी मापांसकट काढल्या. बाकीच्या पेपराला वेळच उरला नाही.

मग तिने हळूच विचारलं, "माझी मापं चुकली का वो सर?"

"न्हाई गं," मी म्हणालो. मापं खरंच बरोबर होती. दोन मार्कांना चार ओळी पुरतात, एवढी साधी गोष्ट तिला दोन वर्षांत कुणी सांगितली नव्हती.

कुणी म्हणजे मीच.