पाटाच्या कडेचं हत्तीगवत

सासऱ्यांनी शिवणकामाच्या कमाईतून इकडे कानडी मुलखात, वरुणा गावाजवळ थोडी जमीन घेतली होती. वरचा तुकडा आम्हाला आला, खालचा धाकट्या नणंदेला. आमच्या शेतातला पाट पुढे तिच्याकडे जातो. तिचं भात त्याच पाण्यावर.

तीन वर्षांमागे एक माणूस हत्तीगवताच्या कांड्या घेऊन आला. ह्यापासून गाड्यांचा गॅस करतात, कापून आम्हीच नेऊ, एकदा लावलं की बघायला नको, म्हणाला. ह्यांनी शेतात लावलं. टोपलीभर तुकडे उरले. हे म्हणाले, टाकून दे. पण आमच्या शिंप्याच्या घरात कातरणसुद्धा टाकत नाहीत. मोठ्या चिंध्यांची पायपुसणी होतात, बारीक उशीत भरतात. माझ्याने टाकवेना. दुपारी कोणी नसताना मी ते तुकडे पाटाच्या कडेने खोचत गेले, नणंदेच्या बांधापर्यंत.

त्या माणसाने दोनदा गवत नेलं, मग तो आलाच नाही. शेतातलं आम्ही कसंबसं खणून काढलं. पाटातलं निघेना. मुळांत गाळ अडकला आणि पाणी खाली जाईना.

नणंद म्हणायची, "पुराने आणलं असेल. सुम्ने, उगाचच आलं नि बसलं बघ, पाहुण्यासारखं." हे मान हलवायचे. मीही हलवायचे.

यंदा तिची रोपं तयार होती आणि शेत कोरडं. आम्ही दोघी आठ दिवस पाट खणत होतो. पात्यांनी हात चिरले. काढलेल्या कांड्या बांधावर टाकल्या, तर तिथेच त्यांना कोंब आले. ते बघून ती हसली.

"वैनी, तू उद्यापासून नको येऊ. सुई धरायचे हात तुझे. माझं भात, माझं नशीब."

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "हे मीच लावलंय. उरले होते तुकडे."

ती उकिडवी बसली होती. तशीच म्हणाली, "कुठवर?"

"तुझ्या बांधापर्यंत."

तिने कुदळ उचलली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी तिची रोपं गाईपुढे पडलेली दिसली.

आता ती सकाळच्या बसने मेटगळ्ळीच्या कारखान्यात जाते. वाटेत भेटली तर जेवण झालं का विचारते, इथे सगळेच विचारतात तसं. वैनी मात्र म्हणत नाही.