मांडीखालचे हात

पेशंटसमोर बसल्या की जाधवताई स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवत. दौलतगंजच्या आमच्या घरी त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा मला हा उद्धटपणाच वाटला. लकव्याने उजवा हात गेलेले माझे वडील, अण्णा, सदऱ्याच्या एका बटणाशी झगडताहेत आणि या बाई नुसत्या बघताहेत! आई न राहवून पुढे झाली, तशा ताई आमच्याकडच्या हिंदीमिश्रित मराठीत म्हणाल्या, "काकू, रुका. हात मोकळे ठेवले ना, तर मला पण राहवत नाही. म्हणून असे दाबून बसते."

त्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट. "चालणं-फिरणं फिजिओवाले बघतात. मी आंघोळ, कपडे, जेवण, हे ज्याचं त्याला वापस देते," असे सांगायच्या.

बटण जमले. घोडे अडले ते ताटावर. जन्मभर भिक्षुकी केलेल्या अण्णांना डाव्या हाताने जेवणे मरणाहून कठीण. आईच भरवायची. तिचे हृदय थकलेले होते, हे आम्हाला ठाऊक होते आणि तिलाही. "मी गेले तर हे उपाशी राहतील हो," असे ताईंपाशी रडायची आणि डोळे पुसून पुन्हा घास कालवायला बसायची. मला तिचा रागही यायचा आणि दयाही.

एका दुपारी ताईंनी स्वतःसाठी जेवणाचे पान मागितले आणि अण्णांच्या शेजारी बसून डाव्या हाताने वरणभात खाऊ लागल्या. निम्मा कुर्त्यावर सांडला.

"अण्णा, नमस्कार करताना डावा हात बाजूला ठेवता का? देवाला चालतो, तर अन्नाला का नाही चालणार?"

अण्णांनी तोंड फिरवले. त्या गेल्यावर आईने भरवले. ताई मात्र येत राहिल्या. "जल्दी कशाची आहे? भूक आपल्या बाजूनं आहे," म्हणायच्या.

पण घाई होती. कार्तिकात आई गेली.

त्या दिवशी शेजाऱ्यांनी पिठलंभात आणून दिला. ताईही आल्या होत्या. आत्या रडत रडत घास घेऊन अण्णांपुढे बसली. त्यांनी मानेनेच नको म्हटले आणि डावा हात ताटात घातला. पहिला घास ओठावरून खाली पडला. आत्या सरसावली, तिला मी धरले. दुसरा कसाबसा तोंडात गेला.

"तिच्यासमोर खायला हवं होतं," अण्णा म्हणाले.

मी ताईंकडे पाहिले. त्यांचे डोळे वाहत होते. ते पुसायलासुद्धा त्यांनी मांडीखालचे हात बाहेर काढले नाहीत.